सिंक घ्यायचं, पण कुणाला विचारून?

स्वयंपाकघराचं काम काढलं आणि आमच्या घरात दोन तट पडले. फरशी झाली, ओट्याचा दगड ठरला, गाडी अडली ती सिंकपाशी. मुलाला काळंभोर ग्रॅनाइटचं सिंक हवं होतं, कारण काकूच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये तसंच आहे. ह्यांचं म्हणणं, "स्टीलचं बसवा आणि मोकळे व्हा." दुकानदाराने ग्रॅनाइटचा भाव सांगितला तो चांगल्या स्टीलच्या जवळजवळ अडीचपट! पैसे माझ्या भिशीचे होते. म्हणून शेवटचा शब्दही माझा, असं मीच जाहीर करून टाकलं.

मग चौकशीला लागले. पहिलं कळलं ते हे, की हे सिंक अखंड दगडातून कोरलेलं नसतंच. साधारण ८० टक्के गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, किंवा ग्रॅनाइटचा चुरा आणि बाकी अ‍ॅक्रिलिक रेझिन असं मिश्रण साच्यात घालून ते बनवतात. १९७९ मध्ये जर्मनीतल्या शॉक कंपनीने अशी सिंक आणली. आता आपल्या शेजारच्या गुजरातेत, भावनगरलाही ती तयार होतात.

गुण आहेत, नाही असं नाही. भांडं आपटलं तरी खणखणाट होत नाही, पोचा पडत नाही, ओरखडे सहसा दिसत नाहीत. भाताचं उकळतं पाणी ओतलं तरी चालतं. पण गॅसवरून उतरवलेला तापलेला तवा थेट त्यात ठेवू नये. हातातून खलबत्ता सुटला तर स्टीलला पोचा येईल, इथे मात्र टवका उडू शकतो. फिक्या रंगाचं घेतलं तर चहा-हळदीचे डाग धरतं आणि काळ्यावर क्षाराचे पांढरे डाग उठून दिसतात.

आमच्याकडे बोअरचं पाणी. बादलीच्या कडेला पांढरा थर चढतो, तो काळ्या सिंकमध्ये चढणार नाही का? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमचं पाणी जड असेल तर काळं सिंक रोज वापरानंतर पुसून कोरडं करावं लागेल. रोज पुसणार कोण, हे आधी ठरवा!

शेवटी मी आमच्या भांडीवाल्या मावशींना विचारलं. इतक्या दिवसांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "ताई, रंग कुठला बी घ्या, पण लई खोल नका घेऊ. वाकून वाकून पाठ जाती माझी."

मी टेप घेऊन बसले. आमचा ओटा ३२ इंचांचा. दहा इंच खोल सिंक घेतलं तर तळ जमिनीपासून २२ इंचांवर, म्हणजे मावशींनी जवळजवळ गुडघ्यापर्यंत वाकायचं! आठ इंच खोल घेतलं आणि ओटा दोन इंचांनी उंच केला, तर तोच तळ २६ इंचांवर येतो. चार इंचांनी पाठ वाचते. आणि रविवारी मावशींची सुट्टी असते, तेव्हा ती पाठ माझी असते.

मी स्टीलचंच घेतलं, आठ इंच खोल. बिलावर ३०४ ग्रेड लिहून घेतली. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून गंज लवकर धरत नाही. स्वस्तातल्या २०२ मध्ये निकेल कमी असतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात त्याला भुलू नका. चुंबक दोन्हींना सहसा चिकटत नाही. आवाज कमी व्हावा म्हणून खालून रबराचे पॅड असलेलं निवडलं. वाचलेल्या पैशांत ओटा उंच झाला.

ज्यांच्याकडे पाणी गोड आहे, हात मोकळा आहे आणि ज्यांना खणखणाटाचा खरंच त्रास होतो, त्यांनी ग्रॅनाइटचं खुशाल घ्यावं. पैसे वाया जाणार नाहीत. फक्त एक करा मैत्रिणींनो, दुकानात जाण्याआधी तुमच्या घरी जी भांडी घासते, तिला ओट्यापाशी उभी करा आणि तिचा हात कुठवर सहज पोचतो ते बघा. ती तुम्ही स्वतः असाल, तर स्वतःला विचारा. ते विचारायचंच आपण नेमकं विसरतो.