संथ पेचाची रायफल
इंग्लंडच्या जुन्या ठासणीच्या रायफलीतून गोल गोळी नेमकी जाते ती नळीतल्या संथ पेचामुळे. १८०० साली सैन्यात आलेल्या इझिकेल बेकरच्या रायफलीत ३० इंचांच्या नळीत आटे जेमतेम पाव फेरा घेत. सातपुड्याची जंगलं पालथी घालणाऱ्या जेम्स फोर्सिथने १८६३च्या पुस्तकात शिकारी रायफलींसाठी याच संथपणाचा कैवार घेतला. पेच घट्ट आणि दारू जास्त असली, की मऊ शिसं आट्यांवरून घसरतं आणि नेम हुकतो. मला त्याचं म्हणणं आजही पटतं. एक मात्र कळकळीने सांगते: चरबी लावलेल्या फडक्यातली गोळी गजाने दारूवर पुरती टेकवाच, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटू शकते, आणि या जुन्या नळ्या पुन्हा घडणार नाहीत.