धक्कावाद्यांना उत्तर

गाडी सुरू न होता नुसतीच ‘टक’ करू लागली, की आमची अख्खी सोसायटी एकमुखाने निदान करते, “धक्का मारा!” माझा या धक्कावादाला सक्त विरोध आहे. ऑटोमॅटिक गिअरवाली गाडी तर धक्क्याने सुरूच होत नाही. नुसती गेटपर्यंत फिरून येते.

अहो, गाडी काय बोलतेय ते ऐका तरी! भराभर टकटक होऊन दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलीय. एकच ठसठशीत ‘टक’ आणि दिवे लख्ख, तर संशय स्टार्टरवर. पण त्याआधी बॉनेट उघडून बॅटरीचे टर्मिनल बघा. तिथे पांढरी-हिरवी भुकटी साचली, की खात्यात शिल्लक असून काउंटर बंद!

बँकेतल्या माणसाला हे चटकन कळावे. पण गेल्या महिन्यात मीच मुकाट्याने नव्या स्टार्टरचे पैसे मोजले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘टक’! शेवटी हिने खायचा सोडा आणि गरम पाणी पुढे ठेवले. वजाची वायर आधी सोडवून मी टर्मिनल घासले. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू!

जुना स्टार्टर बिचारा निर्दोष होता. धक्का बसला खरा. पण गाडीला नव्हे, खिशाला.