शंकूछटेसाठी चोरी कशाला?

मंडळी, रहिमतपुरातली फ्लेक्सवाली पोरं मला सांगतात, "सर, पितळी थाळीची गोल फिरती चकाकी, म्हणजे कॉनिकल ग्रेडियंट हवा, तर कोरलड्रॉच लागतं." आणि ते वापरायचं चोरून! मला हे मुळीच पटत नाही. इंकस्केप २००३ पासून फुकट आहे. एसव्हीजी १.१ मध्ये सरळ आणि वर्तुळाकार अशा दोनच छटा, म्हणून त्या मानकात ही तयार मिळत नाही, एवढंच. सहा अंशांचा त्रिकोण काढा, फिरण्याचं केंद्र टोकावर न्या, पाच-पाच अंशांनी फिरवत एकूण ७२ करा, रंग थोडा थोडा बदलत जा. एक अंश एकमेकांवर चढतो, फट दिसत नाही. बाहत्तर पंचे तीनशेसाठ! शाळेतलीच भूमिती ही. तयार बटण हवं म्हणून चोरी करणाऱ्याला कलाकार का म्हणावं?