गुंगी आणि गायन

नगराहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावर अरणगांव लागतें. तेथील टेकडीवर मेहेरबाबांची समाधि असून तिच्या दर्शनास परदेशांतील मंडळी येतात, हें आमच्या वाचकांस माहीत आहेच. परंतु याच बाबांचें नांव एका गाजलेल्या विलायती ध्वनिमुद्रिकेवर छापलेलें आहे, हें थोड्यांसच ठाऊक असेल. ती ध्वनिमुद्रिका म्हणजे लंडनच्या ‘द हू’ या संचाची ‘टॉमी’. मे १९६९ मध्यें ती निघाली. त्यापूर्वीं चारच महिने, ३१ जानेवारीस, बाबांनीं देह ठेवला होता.

त्या काळीं पाश्चात्य तरुणांत एल्. एस्. डी. नामक भ्रमकारक रसायन घेण्याची लाट आली होती. त्यांतील भास सुरांत उतरवूं पाहणाऱ्या गायनवादनास ‘सायकेडेलिक रॉक’ म्हणत. रंगमंचावर गिटारी फोडण्याबद्दल प्रसिद्ध असलेला हा संच १९६८ सालीं पेंचांत होता. सुट्या गाण्यांस पूर्वीचें यश येईना. तेव्हां मुख्य रचनाकार पीट टाउनशेंड यांनीं दोन तबकड्यांची, सुमारें सव्वा तासाची सलग कथा रचिली. विशेष हें कीं, त्यांनीं तीं रसायनें १९६७ सालींच सोडलीं होतीं व पुढें ते बाबांचे अनुयायी झाले होते. गोळी घेऊन ईश्वर सांपडत नाहीं, असें बाबांनीं १९६६ सालींच बजाविलें होतें. बाबांचा अवताराचा दावा आम्हां ख्रिस्ती जनांस मान्य होण्याजोगा नाहीं. तथापि खरी गोष्ट कोणीहि सांगितली तरी ती खरीच.

म्हणून नशेवांचून कला स्फुरत नाहीं, असें मानणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत धरावें. मात्र निश्चय एकदांच करून भागत नाहीं. याच संचाचे ढोलवादक कीथ मून १९७८ सालीं, अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, औषधी गोळ्यांच्या अतिसेवनानें मरण पावले. आणि खुद्द टाउनशेंड यांसहि पुढें व्यसनानें पुन्हा गांठलें, तेव्हां १९८२ सालीं उपचार घ्यावे लागले. बंदी असूनहि आमच्याकडे गुटख्याची पुडी विद्यार्थ्याच्या खिशांत सांपडते; तिला क्षुल्लक समजणें आम्हांस धोक्याचें वाटतें.

पालकांसहि दोन शब्द. असल्या गायनास सरसकट नांवें ठेवण्यापूर्वीं त्यांनीं टॉमीची कथा ऐकावी. बालवयांत तो घरांतच एक खून पाहतो. परंतु आपण कांहीं पाहिलेंच नाहीं, असें आईबाप त्याच्या मनावर ठसवितात. त्या धक्क्यानें त्याचें पाहणें, ऐकणें व बोलणें बंद पडतें. पुढें गुंगीचीं औषधें देणाऱ्या एका बाईच्या हवालीं त्यास करितात. गुण मात्र येत नाहीं.

आमच्या घरांतूनहि मुलांस गप्प बसविण्याची चाल आहे. ज्याचें घरीं कोणी ऐकत नाहीं, तो बाहेर जो ऐकेल त्याच्या नादीं लागतो. तेव्हां मुलगा कसलीं गाणीं ऐकतो, याची चौकशी पालकांनीं अवश्य करावी. पण तो बोलूं लागला असतां आपण ऐकतों काय, याचीहि करावी, एवढीच आमची विनंति आहे.