हरायचे कोठे शिकावे?

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की दरवर्षी आमच्या कोकणात आनंदाला उधाण येते. २०१२ साली रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या स्वतंत्र कोकण विभागीय मंडळाचा पहिला निकाल लागला. तेव्हापासून राज्यात पहिला क्रमांक कोकणाचा, हे जणू ठरूनच गेले आहे. २०२४ साली आमच्या विभागाचा निकाल ९९.०१ टक्के होता, २०२५ साली ९८.८२ टक्के. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, चौकाचौकांत फलक लागतात, चर्चमध्ये मिस्सेनंतर गुणवंतांचा सत्कार होतो. या यशाचे आम्हांलाही कौतुक आहे. परंतु शंभरांतील नव्याण्णव मुले जेथे उत्तीर्ण होतात, तेथे अपयश म्हणजे काय आणि ते सोसून पुन्हा उभे कसे राहावे, हे मुलाला कोणी आणि कोठे शिकवायचे, असा प्रश्न विचारणारा फलक मात्र आम्ही कोठेही पाहिलेला नाही.

हा प्रश्न आम्ही कॅथॉलिक शाळांच्या चालकांना मुद्दाम विचारीत आहोत, कारण त्याचे उत्तर एके काळी त्यांच्याजवळच होते. वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस (१८६३), पुण्याचे सेंट व्हिन्सेंट (१८६७) आणि मुंबईच्या धोबीतलावाचे सेंट झेवियर्स (१८६९) ही येशूसंघीय धर्मगुरूंनी वाढविलेली मुलांची विद्यालये. मुलाला महाविद्यालयाच्या दारापर्यंत नेऊन पोहोचविणे हे त्यांचे काम, आणि अभ्यासात तेथे कुचराई चालत नसे. तरीही या शाळांची कीर्ती केवळ गुणपत्रिकांवर उभी राहिली नाही. मुलांची गटवार विभागणी, गटागटांतील वर्षभराची चुरस, पावसाळ्यात चिखलातला फुटबॉल, हिवाळ्यात क्रिकेट आणि हॉकी, वार्षिक क्रीडादिनाचे संचलन आणि शेवटची रिले शर्यत, या सर्वांचा शाळेच्या घडणीत वर्गाइतकाच वाटा होता.

त्या परंपरेची फळे सर्वांना ठाऊक आहेत. १९४८ साली लंडनच्या वेंब्ली मैदानावर स्वतंत्र भारताने ब्रिटनला ४-० असे हरवून हॉकीचे सुवर्णपदक मिळविले. त्या संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ असे मुंबईच्या ख्रिस्ती समाजातील खेळाडू होते. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये खेळलेले विरेन रस्किन्हा हे स्टॅनिस्लॉसचे विद्यार्थी. ज्यांच्या घराण्याचे मूळ आमच्याच वेंगुर्ले परिसरातले, ते सुनील गावसकर झेवियर्सचे. एवढेच कशाला, ऑलिम्पिकचे 'अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक बलवान' हे ब्रीदसुद्धा एका कॅथॉलिक शाळेच्या मैदानावरचे आहे. फ्रान्समधील आर्कइल येथील शाळेचे प्रमुख, दोमिनिकन धर्मगुरू आंरी दिदों यांनी १८९१ साली आपल्या विद्यार्थ्यांच्या क्रीडास्पर्धेत ते उच्चारले आणि १८९४ साली कुबेर्तें यांनी ते ऑलिम्पिक चळवळीसाठी स्वीकारले.

आज या वारशाचे काय चालले आहे? त्याला दोन बाजूंनी वाळवी लागली आहे. एका बाजूला तास खाणारे आणि दुसऱ्या बाजूला करंडक मोजणारे. दोघेही स्वतःला शाळेचे हितकर्ते समजतात, आणि म्हणूनच दोघांचाही समाचार घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

तास खाणाऱ्यांची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. आठवीपर्यंत वेळापत्रकात खेळाचा तास असतो. नववीत तो असतो, पण त्या तासाला गणिताचे सर वर्गात येतात. दहावीत तो कागदावरूनही जातो. पुढे अकरावी-बारावीत वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांचे वर्ग सुरू झाले की खेळणे हा गुन्हाच ठरतो. क्रीडाशिक्षकाकडे परीक्षेचे बाक मांडण्याचे आणि प्रार्थनेच्या रांगा सरळ करण्याचे काम उरते. मग 'तसेही मैदान वापरात नाही' असा शोध लागतो आणि तेथे नवी इमारत, सभागृह नाहीतर गाड्या लावण्याची जागा उभी राहते. आधी मैदान ओस पाडायचे आणि मग ते ओस आहे म्हणून बुजवायचे, असा हा व्यवहार आहे.

कायद्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही असा निर्णय दिला. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने त्या निर्णयाबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले, हा भाग वेगळा. घटनेच्या ३०व्या कलमाने दिलेले स्वातंत्र्य आम्हांला प्राणाइतके मोलाचे आहे. पण ते आपल्या मुलांना आपल्या मूल्यांनुसार अधिक चांगले शिक्षण देता यावे म्हणून मिळालेले आहे. इतरांच्या मुलांना कायद्याने मिळायचे ते मैदानसुद्धा आपल्या मुलांना नाकारावे, एवढ्यासाठी कोणी त्या कलमाची ढाल पुढे करील, तर तो त्या कलमाचा अपमान होय.

आता करंडक मोजणाऱ्यांकडे वळू. हे सहसा माजी विद्यार्थी किंवा उत्साही व्यवस्थापक असतात. त्यांना खेळ हवा असतो, पण निवडक मुलांचा. शाळेत आठशे मुले असतील तर त्यांतील बावीस-पंचवीस मुले सकाळ-संध्याकाळ घाम गाळतात आणि उरलेली टाळ्या वाजविण्यासाठी रांगेत बसतात. जिंकलेली ढाल मुख्याध्यापकांच्या खोलीतील काचेच्या कपाटात जाते. परीक्षेत मिळणाऱ्या क्रीडागुणांच्या सवलतीवर डोळा ठेवून काही पालक मुलाला एखाद्या संघात घुसवितात, म्हणजे शेवटी खेळही गुणांचाच दास होतो. या मंडळींच्या तोंडी सदैव गावसकरांचे नाव असते. आम्ही त्यांना एवढेच विचारतो, की गावसकर शाळेकडून खेळत तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी दहा मुले मैदानात उतरत होती. त्या दहांतील किती जणांची नावे तुम्हांला सांगता येतील? शाळा ही त्या दहांसाठी, आणि ज्याची संघात कधीच निवड झाली नाही त्या अकराव्याच्याही पलीकडच्या मुलासाठी असते. मोठा खेळाडू ही परंपरेची कृपा असेल, पण तिचा हेतू तो नव्हे.

मग हेतू कोणता? तो समजण्यासाठी विजयाचे नव्हे, पराभवाचे एक उदाहरण घेऊ. फेब्रुवारी १९८८मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा उपान्त्य सामना झाला. शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, हे घरोघरी ठाऊक आहे. तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. पण समोर कोण होते, हे किती जणांना आठवते? समोर सेंट झेवियर्सची मुले होती. चेंडू आणून देत, पुन्हा गोलंदाजी करीत, पुन्हा सीमारेषेकडे धावत त्यांनी तो मार सोसला. त्यांच्यातील साईराज बहुतुले या मुलाने २७ षटके टाकली, १८२ धावा दिल्या आणि त्याला एकही बळी मिळाला नाही. कोणत्याही परीक्षेत एवढे शून्य पदरी पडले असते तर त्या मुलाने ते पुस्तक पुन्हा उघडले असते की नाही, कोण जाणे. बहुतुले मात्र खेळत राहिले आणि २००१ साली भारताकडून कसोटी सामने खेळले. तेंडुलकर-कांबळींच्या विक्रमात शारदाश्रमचे यश आहे हे खरेच. पण त्या सत्ताविसाव्या षटकासाठी पुन्हा चेंडू हाती घेणाऱ्या मुलात आम्हांला कॅथॉलिक शाळेच्या मैदानाचे खरे यश दिसते. आणि बहुतुले पुढे कसोटीपटू झाले नसते, तरी त्या षटकाचे मोल तसूभरही कमी झाले नसते.

वर्गात नापास होणे ही लज्जेची गोष्ट आहे आणि घरी तर ती आपत्तीच आहे. चारचौघांदेखत हरावे, जिंकणाऱ्याचा हात हातात घ्यावा, रात्री जेवून झोपावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी जावे, हे बळ अंगी बाणविणारी जागा शाळेत मैदानावाचून दुसरी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले, आणि त्यांत सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रातले होते. प्रत्येक मृत्यूची कारणे वेगळी असतात, आणि खेळाच्या एका तासाने ती सर्व दूर होतील असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. परंतु इतकी कोवळी मुले हातची जात असताना, हरणे शिकविणारा एकमेव तास आपण काढून घेत आहोत, हे तरी आपल्याला दिसावे.

यात ख्रिस्तसभेला न शोभणारे काही आम्ही सांगत आहोत काय? संत पौलाने करिंथकरांना लिहिताना शर्यतीत धावणाऱ्याचे आणि देह ताब्यात ठेवणाऱ्या मल्लाचे उदाहरण दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात मुलांच्या शारीरिक, नैतिक आणि बौद्धिक गुणांचा एकत्रित विकास सांगितला आहे. त्यातला पहिला शब्द गाळण्याची मुभा कोणालाही दिलेली नाही. संत जॉन बॉस्को यांनी तुरिनच्या अनाथ, उनाड मुलांना धावण्या-बागडण्याची आणि ओरडण्याचीही मोकळीक देऊन त्यांतूनच शिस्त लावली. २०१८ साली व्हॅटिकनने खेळ या विषयावर स्वतंत्र दस्तऐवजच प्रसिद्ध केला. आपल्या शाळाचालकांनी तो वाचावा, अशी आमची विनंती आहे.

आमच्यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला गरीब पालकांचा. देवबागचा किंवा आचऱ्याचा मच्छीमार बाप होडीच्या मिळकतीतून शुल्क भरतो. त्याला मुलाचे गुण हवेत, खेळ नको, असे चालक सांगतात. आम्ही त्या बापाला चालकांपेक्षा जवळून ओळखतो. रात्रभर समुद्रात राहून रिकामे जाळे घेऊन परतणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असते. गालील समुद्रावर पेत्रालाही ते ठाऊक होते. रिकाम्या जाळ्यानंतर पुन्हा जाळे टाकणे हाच त्या घराचा धर्म आहे. त्याचाच मुलगा शाळेत मात्र असा वाढतो, की दोन गुण कमी पडले तर त्याला तोंड दाखवावेसे वाटत नाही. बापाच्या अंगचे हे धैर्य मुलात उतरू न देणारी शाळा गरिबांची कैवारी कशी?

दुसरा आक्षेप असा, की ही परंपरा इंग्रजांची, साहेबी थाटाची. त्यात तथ्य आहे. इंग्लंडातील निवासी शाळांनी खेळांतून साम्राज्याचे अधिकारी घडविले, आणि दुबळ्या मुलाची हेटाळणी करण्याची वाईट खोडही त्याच शाळांतून पसरली. पण म्हणून आपण उचलले काय ते पाहा. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला. आमच्या बाजूच्या शाळा मोठ्या शहरांतील जुन्या शाळांकडे पाहत वाढल्या. त्यांचा टाय घेतला, बिल्ला घेतला, गटांची नावे घेतली. घेतले नाही ते फक्त मैदान! साहेबी टाकायचे होते तर टाय टाकायचा होता. खेळ आपल्या मातीचे निवडता येतात. कबड्डी आणि खो-खो यांना ना हिरवळ लागते ना महागडे साहित्य. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा भरते आणि बाहेरगावची मुले येथे येऊन पोहतात. समुद्राच्या कुशीत वसलेल्या आमच्या शाळांच्या वेळापत्रकात मात्र पोहणे नाही, याला काय म्हणावे?

तिसरा आक्षेप मुलींचा, आणि तो आम्हांला पूर्णपणे मान्य आहे. ही परंपरा मुलांच्या शाळांत वाढली. आज आमच्या भागातील शाळांत मुलगे-मुली एकत्र शिकतात, पण मैदानाचा मोठा भाग अजून मुलग्यांच्याच ताब्यात असतो. वारसा चालवायचा तर तो अर्ध्या शाळेपुरता चालविता येणार नाही.

तेव्हा आमचे मागणे थोडे आणि स्पष्ट आहे. आठवड्याचे खेळाचे तास दहावीलाही कायम राहावेत आणि त्यांत कोणत्याही विषयाच्या शिक्षकाने पाऊल ठेवू नये. क्रीडाशिक्षकाला शिक्षकाचा मान आणि शिक्षकाचेच काम द्यावे. शाळेच्या संघाआधी गटागटांचे सामने व्हावेत आणि त्यांत प्रत्येक मूल खेळावे, जाड, बुटके, चष्मा लावणारे, धापा टाकणारे, सगळे. मैदानावर बांधकाम करण्याचा प्रस्ताव येईल तेव्हा तो पालकसभेपुढे आणि धर्मग्राम परिषदेपुढे मांडल्याखेरीज एकही चिरा बसू नये. पालकांनीही प्रवेशाच्या वेळी निकालाची टक्केवारी विचारतात तशी एक गोष्ट विचारावी, की आमचे मूल आठवड्यातून किती तास मैदानावर असेल?

हे सर्व केल्याने निकाल ९९ टक्क्यांवरून ९७ टक्क्यांवर येईल, अशी भीती कोणी घातली तर आम्ही म्हणू, येऊ द्या. आमच्या मते तो येणार नाही. परंतु आला, तर त्या दोन टक्के मुलांना पुन्हा उभे करण्याइतके बळ ज्या शाळेत असेल, तीच शाळा आपल्या दारावर संताचे नाव लावण्यास पात्र आहे.