दोन रिग

आमच्या नरखेड तालुक्यात ‘रिग’ म्हणजे बोअर मारणारी गाडी. बहुतेक वेळा तामिळनाडू पासिंगची. उन्हाळ्यात ती कुणाच्या वावरात उभी राहिली की रात्रभर आवाज येतो आणि सकाळी चौकात एकच प्रश्न असतो: किती फुटांवर लागलं?

दुसरी रिग मी बांधली. २०२१ मध्ये, आमच्या घरातल्या धान्याच्या खोलीत, चार ग्राफिक्स कार्डांची, इथर काढायला. तेव्हा पुण्याच्या नोकरीचं वर्क फ्रॉम होम गावातून चालू होतं. कॉलवर रेंज जायची आणि उरलेला वेळ मी कार्ड शोधण्यात घालवायचो. कारण कार्ड मिळतच नव्हतं. कार्ड नाही, पॉवर सप्लाय नाही, सहा स्लॉटचा मदरबोर्ड नाही, राइजर आले तर त्यातले दोन खराब.

त्या काळात हिंदी-मराठीत एक नवाच वाङ्मयप्रकार जन्माला आला होता: ‘तुटवड्यावर मात कशी केली’. मुलगा कॅमेऱ्यासमोर उभा, मागे निळे-लाल पंखे, आणि तो सांगतोय की भंगारातल्या सर्व्हरचा पॉवर सप्लाय कसा वापरायचा, एसएसडीऐवजी पेनड्राइव्हवर काम कसं भागवायचं. खाली कमेंटमध्ये ‘भावा, जिद्द असावी तर अशी’. मी ते सगळे व्हिडिओ पाहिले, त्यातलं सगळं केलं, वर स्वतःचे दोन जुगाड जोडले. म्हणून हक्काने सांगतो, त्या व्हिडिओंमधला मूळ दावाच खोटा आहे. मायनिंगमधल्या तुटवड्यावर मात करता येत नाही. ती यंत्रणा अशीच लिहिली आहे की माल कधीच पुरणार नाही.

कसं ते सांगतो. बिटकॉइनमध्ये साधारण दर १० मिनिटांनी एक ब्लॉक लागतो आणि तो लावणाऱ्याला ठरलेलं बक्षीस मिळतं. २०२१ मध्ये ते ६.२५ बिटकॉइन होतं, म्हणजे जगभरात मिळून दिवसाला सुमारे ९००. मशीन वाढली, ब्लॉक लवकर लागायला लागले, तर दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, नेटवर्क स्वतःच कोडं अवघड करतं. मशीन दहा असोत की दहा कोटी, ताटात वाढलेलं तेवढंच. मी इथर काढत होतो, तिथे ब्लॉक तेरा-चौदा सेकंदांना लागायचा आणि आकडे वेगळे होते, पण अवघडपणा आपोआप वाढायची सोय तीच.

हे मी बाबांना एकदा जेवताना समजावून सांगत होतो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला कुणी इतक्या लवकर समजलेलं पाहिलं नाही. ते म्हणाले, “म्हंजे आपल्या बोरवानीच झालं का रे हे?”

बोअरसारखंच. आमची पहिली बोअर दोनशे फुटांवर लागली होती. मग शेजारच्यांनी चारशे मारली, आमची आटली. आम्ही पाचशेवर गेलो. आता गावात सातशेच्या खाली कुणी बोलत नाही. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्यापुरती ‘तुटवड्यावर मात’च केली होती, आणि प्रत्येकाच्या मातीमुळे दुसऱ्याचा पंप हवा ओढायला लागला. वरून पडणारं पाणी तेवढंच आहे. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा. त्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर शेतीसाठी घ्यायला मनाई आहे. तो कायदा आमच्या गावात कुणी वाचलेला नाही. नरखेड आणि शेजारचा काटोल हे दोन्ही तालुके अटल भूजल योजनेत घेतले गेले ते काही पाणी जास्त झालं म्हणून नाही.

फरक एकच. बोअरच्या शर्यतीच्या शेवटी निदान संत्र्याची झाडं उभी राहतात. आंबिया बहार टिकला तर चार पैसे येतात, कुणीतरी फळ खातं. माझ्या खोलीतली चार कार्डं दिवसरात्र आकडे टाकत होती आणि त्यातले जवळजवळ सगळे चुकीचे असल्यामुळे फेकले जात होते. मायनिंग म्हणजे हेच काम. अंदाज करा, चुका, पुन्हा अंदाज करा.

तुम्ही म्हणाल, ह्या पोट्ट्याचं नुकसान झालं म्हणून बोंबलतोय. नुकसान झालं, पण फार नाही. कागदावर तीस हजारांच्या आत असलेलं आरटीएक्स ३०६० मी पहिलं ५८ हजारांना घेतलं, नागपूरहून, तेही तीन आठवडे रोज फोन केल्यावर. एका विक्रेत्याने त्याआधी मला ४ जीबीचं जुनं कार्ड गळ्यात मारलं होतं. इथरची डॅग नावाची एक फाइल कार्डाच्या मेमरीत मावावी लागायची आणि ती फाइल दर चार-पाच दिवसांनी थोडी थोडी वाढायची. २०२० च्या शेवटाला तिने ४ जीबीची हद्द ओलांडली आणि जगभरातली तशी कार्डं इथरसाठी एका झटक्यात निकामी झाली. विक्रेत्याला हे माहीत होतं, मला नव्हतं. चालू असलेलं, न बिघडलेलं कार्ड, फक्त नियमामुळे कचरा. नवं शोधा. तुटवडा आपोआप येत नाही, तो असा लिहिला जातो.

कंपन्यांचाही एक खेळ होता. ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं तेव्हा एनव्हिडियाने सांगितलं की गेम खेळणाऱ्यांना कार्ड मिळावं म्हणून मायनिंगचा वेग आम्ही निम्मा केला आहे. महिनाभरात त्यांच्याच एका बीटा ड्रायव्हरमधून ते कुलूप उघडलं. चुकून, म्हणे. आम्ही ग्रुपवर पेढे वाटल्यासारखे इमोजी टाकले.

चार कार्डं जमवायला मे ते सप्टेंबर गेला. फ्रेम सावरगावच्या वेल्डरकडून अँगलची करून घेतली. त्याने विचारलं, कोंबड्यांसाठी का? राइजरला सॅटाच्या पिनेतून वीज दिली तर पिन वितळते हे मी वितळवून शिकलो. कार्डांचा पॉवर कमी करून, मेमरीचा वेग वाढवून एकेक वॅट वाचवला. तरीही सगळं मिळून ६०० वॅट, चोवीस तास. महिन्याला सव्वाचारशेच्या वर युनिट. आमच्या घराचं बिल आधी सत्तर-ऐंशी युनिटचं असायचं. आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा रिगसमोर कूलर लावायला लागायचा. कूलरला पाणी लागतं. ते आई भरायची.

एक मित्र म्हणाला, “काहून बे घरच्या मीटरवर चालवून राह्यला? वावरातल्या कनेक्शनवर टाक ना.” आमच्या शेतीपंपाचं बिल तेव्हा हॉर्सपॉवरवर यायचं, युनिटवर नाही. मी खरंच गेलो होतो, मोजमाप घेऊन आलो. थ्री फेज आठच तास, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, शिवाय व्होल्टेजचा भरवसा नाही, म्हणून सोडून दिलं. लाज वाटली म्हणून नाही. लाज नंतर वाटली, जेव्हा त्याच डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर जळला आणि ऐन पाण्याच्या पाळीत लोक सोळा दिवस नव्याची वाट बघत बसले. तुटवडा म्हणजे काय ते तेव्हा दिसलं. त्या सोळा दिवसांत माणसं ड्रमने पाणी आणून झाडाच्या बुडाशी ओतत होती.

त्याच काळात आमच्या बाजाराच्या गावातला मोटर वायंडिंगवाला काका काय करत होता ते मला आता जास्त आठवतं. लॉकडाऊनमध्ये तांब्याची तार मिळत नव्हती. त्याने जळलेल्या मोटरींची तार सोडवून त्यातली चांगली तेवढी वापरली, एका पंपाचा कंडेन्सर दुसऱ्याला लावला. हासुद्धा जुगाडच. पण त्याने मोटर दुरुस्त केली की त्या माणसाचा प्रश्न संपायचा आणि दुसऱ्या कुणाची मोटर त्यामुळे बंद पडायची नाही. माझ्या प्रत्येक कार्डाने जगातल्या बाकी प्रत्येक कार्डाची कमाई केसभर कमी केली, त्यांच्या प्रत्येक कार्डाने माझी. दोघांनाही आपण जुगाडू म्हणून डोक्यावर घेतो. मला हे मान्य नाही.

आता चिप्स कुठून येत होत्या तेही बघा. २०२० मध्ये तैवानला एकही वादळ थेट धडकलं नाही, आणि त्यांची धरणं वादळी पावसावरच भरतात. २०२१ मध्ये तिथे पन्नासहून जास्त वर्षांतला सगळ्यात वाईट दुष्काळ पडला. चिपच्या कारखान्यांना प्रचंड शुद्ध पाणी लागतं. सरकारने भातशेतीचं कालव्याचं पाणी बंद केलं, शेतकऱ्यांना भरपाई देऊन जमीन पडीक ठेवायला लावली, आणि टीएसएमसीने टँकर लावले. माझ्याच कार्डासाठी अमुक शेतकऱ्याचं पाणी तोडलं असं सरळ म्हणता येणार नाही; त्या चिप्स गाड्यांत गेल्या, फोनांत गेल्या, दवाखान्यातल्या यंत्रांतही गेल्या. शिवाय माझं ३०६० सॅमसंगच्या कारखान्यातलं. पण कार्ड नाही म्हणून हळहळणाऱ्या आमच्या ग्रुपवर सगळी शेतकऱ्यांची पोरं होती आणि हा दुष्काळ त्यांच्यासाठी ‘सप्लाय चेन इश्यू’ होता. माझ्यासाठीही.

बचाव करणारे दोन मुद्दे नेहमी येतात. पहिला: जास्त मशीन म्हणजे जास्त सुरक्षित नेटवर्क. काही प्रमाणात खरं आहे. पण मग २०२१ च्या उन्हाळ्यात काय झालं ते सांगा. चीनने मायनिंगवर बंदी आणली, जगातली जवळपास निम्मी ताकद काही आठवड्यांत बंद पडली. काही दिवस ब्लॉक उशिरा लागले. ३ जुलैला अवघडपणा सुमारे २८ टक्क्यांनी खाली आला आणि गाडी पुन्हा दहा मिनिटांवर आली. अर्ध्या जगाची मशीन नसताना बिटकॉइन पाठवणाऱ्या माणसाचं फारसं काही अडलं नाही. आणि इथरने तर १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंगच बंद केलं. विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त घसरला आणि दुसऱ्या दिवशी सगळं चालू. माझी चार कार्डं जे करत होती त्याची गरज नव्हती हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच कुणाला कळवलं जातं.

दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो: गावातल्या मुलाला दुसरी संधी कुठे आहे? नोकरी पुण्यात, शेती तोट्यात, मग त्याने घरी बसून चार पैसे कमावले तर तुझं काय जातं? माझं काही जात नाही. पण त्याला कोण काय विकतंय ते बघा. ह्याच ‘मायनिंग’ शब्दावर अमित भारद्वाजच्या गेनबिटकॉइनने महिन्याला १० टक्के, १८ महिने, असं वचन दिलं होतं. पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये त्याला अटक केली, २०२२ मध्ये तो वारला, आणि पैसे घातलेली माणसं अजून चकरा मारत आहेत. ती फसवणुकीची केस. आमच्याकडे फसवणूक कुणीच केली नाही, सगळं नियमाप्रमाणे झालं. कार्ड विकणारा कमावला, ॲपवाला कमावला, व्हिडिओवाला कमावला. सरकारने एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लावला आणि मायनिंगच्या यंत्रांचा खर्च त्यातून वजा करता येणार नाही हेही सांगून टाकलं. सगळ्यांचा हिशेब बसला.

आमचा असा बसला: वीज, कार्डं, सगळं धरून साधारण सत्तर हजार गेले. फायदा झाला असता तरी मी हेच लिहिलं असतं, असं म्हणायला आवडेल. नसतं लिहिलं. तेव्हा मीच रिंगलाइट लावून बसलो असतो.

त्या पैशात १ लाख ६० हजार बाबांचे होते. नवी बोअर आणि ठिबकची नळी बदलायला ठेवलेले. मीच त्यांना पटवलं होतं, की बोअर कोरडी जाऊ शकते, हे मशीन जाणार नाही. ते पैसे मी दोन वर्षांत पगारातून परत केले. पण २०२२ च्या उन्हाळ्यात ठिबक जुनीच होती, ठिकठिकाणी फुटलेली, आणि धुऱ्याकडची अकरा झाडं वाळली. संत्र्याचं झाड धरायला पाच-सहा वर्षं लागतात. ते पगारातून परत करता येत नाही. बाबा त्यावर काही बोलले नाहीत. एकदा फक्त त्या खोलीत आले, हिरव्या दिव्यांकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, “याले पाणी कमी लागत असंन, नाही?” टोमणा होता की खरंच विचारत होते, मला अजून कळलेलं नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये कार्डं मिळेल त्या भावाला विकली. जगभरातले सगळेच विकत होते. आता ‘कार्ड मिळत नाही’ऐवजी ‘गिऱ्हाईक मिळत नाही’ असे व्हिडिओ यायला हवे होते, आले नाहीत. फ्रेम राहिली. तिच्यात आईने कोंबड्या ठेवल्या, वेल्डर बरोबर होता.

परवा चुलतभावाचा मेसेज आला. बी.ई.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला बिटकॉइनचं तयार मशीन मागवायचं आहे, पण पॉवर सप्लाय वेटिंगवर आहे. “दादा, तू तेव्हा सर्व्हरच्या पॉवर सप्लायचं काहीतरी जुगाड केलं होतं ना, सांग ना.” ते जुगाड मला तोंडपाठ आहे, पाच मिनिटांत सांगून होईल. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आधी फोन करून त्याला विचारायचं आहे की मशीनसाठी जे पैसे काका देणार आहेत, ते त्यांनी कशासाठी ठेवले होते.