धुरा दोघांचा, पुरावाही दोघांचा



मृगाला थोडेच दिवस राहिलेत. नांगरट झाली, पाळी चालू आहे, धसकटं वेचणं चालू आहे. हे झालं की जो तो आपला धुरा बघायला जातो आणि तिथंच दरसाल भांडण पेटतं. "तू दोन तासं धुरा कोरला." "तुझ्या शेळ्या माझ्या तुरीत शिरल्या." "काट्या मीच का टाकायच्या, तुझं शेत नाही का?" भोकरदन-जाफ्राबादच्या डोंगरपट्ट्यात काय आणि अंबड-घनसावंगीच्या गायरानावर काय, बैठकीला गेलो की आधी हीच तक्रार कानावर येते. दुष्काळाच्या सालात तर बघायलाच नको. जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, चारा नाही म्हणून जनावरं विकावी लागली, आणि जी राहिली त्यांनी भुकेपोटी कुंपणं तोडली. त्यात कुणाची चूक म्हणायची? पण भांडणं झाली. काही ठिकाणी सख्खे भाऊ एकमेकांची गुरं कोंडवाड्यात घालून आले.

आपलेच काही साथी म्हणतात, ही घरगुती भांडणं आहेत, संघटनेने यात पडू नये. आपली लढाई सरकारशी आहे, शेजाऱ्याशी नाही.

आम्हाला हे पटत नाही. उलट आम्ही म्हणतो, की सरकारशी लढाई आहे म्हणूनच शेजाऱ्याशी धुऱ्याचा हिशेब आधी मिटवला पाहिजे. का, ते सांगतो.

वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतो हे आपल्याला दाखवायचं आहे. ते कशाने दाखवायचं? पावती नाही, पीकपाहणीला नाव नाही, आजोबांनी कागद ठेवला नाही. पण २००८ च्या नियमात नियम १३ आहे, तो नीट वाचा. पुरावा म्हणून काय काय चालतं त्याची यादी तिथे दिली आहे. त्यात घर, झोपडी यांच्या बरोबरीने जमिनीवर केलेलं सपाटीकरण, बांध, बंधारे यांचं नाव आहे. म्हणजे आपला धुरा हा कायद्याने मानलेला पुरावा आहे. त्याच यादीत पुढे आहे, की दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा आहे. आणि एकाहून जास्त पुरावे बघावेत असंही त्याच नियमात आहे.

आता विचार करा. आपल्या शेताचा धुरा किती जुना आहे हे कुणाला पक्कं माहीत असतं? शेजारच्या म्हाताऱ्याला. त्याने तो धुरा घालताना पाहिलेला असतो, कदाचित माती टाकायला हातही लावलेला असतो. म्हणजे धुरा हा आपला एक पुरावा आणि धुऱ्यापलीकडचा माणूस हा दुसरा. धुरा कोरला तर पहिला पुरावा गेला. त्यावरून तोंड फिरवलं तर दुसराही गेला. आणि हे दोघांच्या बाबतीत खरं आहे, कारण त्याचा धुरा तोच आणि त्याचा साक्षीदार आपणच.

दाव्याच्या पडताळणीला वनहक्क समिती शेतावर येते तेव्हा चतुःसीमा विचारतात. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. त्या वेळी दोघं शेजारी समोरासमोर उभे राहून "हद्द इथं नाही, तिथं आहे" म्हणायला लागले, तर कागदावर एकच शब्द पडतो: वाद. असा शेरा पडला की फाइल वरच्या समितीत जाऊन पडून राहते. ज्यांना आपले दावे नामंजूरच करायचे आहेत, त्यांना याहून सोपं कारण कोणतं पाहिजे?

काही जण म्हणतात, जीपीएसने मोजणी झाली, आता धुऱ्याचं काय काम? हातातल्या जीपीएस यंत्रात काही मीटरचा फरक पडू शकतो. ज्याचं शेतच वीस-पंचवीस मीटर रुंदीची पट्टी आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक म्हणजे जमिनीचा मोठा तुकडा झाला. उपग्रहाचा फोटो किंवा असलं तंत्र हे इतर पुराव्याला जोड म्हणून वापरावं, त्यांच्या जागी नाही, हे २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलं आहे. यंत्र चुकलं तर ते चुकलं हे सांगायला जमिनीवर धुराच लागतो.

गायरानाचंही वेगळं नाही. २८ नोव्हेंबर १९९१ च्या सरकारी निर्णयात १४ एप्रिल १९९० पर्यंतचं अतिक्रमण दाखवायला सांगितलं आहे. तिथेही जुना धुरा आणि जुना शेजारी हेच कामाला येतात.

मग धुरा राखायचा कुणी? सातबाऱ्याच्या जमिनीबद्दल महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४० सांगतं, की प्रत्येक जमीनधारक आपल्या हद्दीच्या खुणा नीट राखायला जबाबदार आहे. खूण दोघांच्या मधली, म्हणजे जबाबदारी दोघांवर आली. पण काट्या कुणी टाकायच्या, तारेचे पैसे कुणी किती द्यायचे, हे त्या कलमात नाही. हे गावानेच ठरवायचं आहे. ते तहसीलला जाऊन ठरवायचं म्हटलं तर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी यातच काटेरी तारेचे पैसे निघून जातात.

आमचं म्हणणं असं आहे. ग्रामसभेत यावर चर्चा करा, पटलं तर ठराव करा.

एक. धुरा कुणाएकाचा नाही. मधली ओळ ही हद्द. दोन्ही बाजूंनी एकेक हात जागा सोडून तास धरायचं. त्या जागेत गवत, घायपात, निर्गुडी वाढू द्यायची. मुळ्यांनी माती धरून राहते आणि कोरायला जागाच उरत नाही. हद्दीचा दगड हलवायचा असेल तर दोघं हजर पाहिजेत.

दोन. लांबी अर्धी-अर्धी. धुऱ्याच्या मधोमध एकमेकांकडे तोंड करून उभं राहायचं. ज्याच्या उजव्या हाताला जो अर्धा भाग येतो तो त्याचा. पुढच्या साली पुन्हा वाद नको. आपल्या अर्ध्या भागातलं खिंडार आपण बुजवायचं.

तीन. खर्च काट्यांच्या कुंपणाएवढा. बाभळीच्या-बोरीच्या काट्या दोघांनी मिळून आणायच्या. पण एकाने मोसंबी लावली आणि त्याला सिमेंटचे खांब नि तार पाहिजे, तर जास्तीचा पैसा त्याचा. दुसऱ्याकडून काट्यांएवढंच काम घ्यायचं. ज्याला ज्वारी-बाजरीच पेरायची आहे त्याला तारेच्या कर्जात ओढायचं नाही.

चार. कुंपण घातलं म्हणून राखण सुटत नाही. ज्याची शेळी त्याने ती राखायची. आणि पिकाचं नुकसान झालंच, तर दोन म्हातारी माणसं नेऊन बघायचं, अंदाज करायचा आणि धान्यात किंवा कामात फेडायचं. कोंडवाड्याचा रस्ता धरायचा नाही.

पाच. कुंपणात वाट सोडायची. ज्यांना जमीन नाही, दोन शेळ्याच आहेत, त्यांचाही चराईचा हक्क वनहक्क कायद्यात लिहिला आहे. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांचाही आहे. पाणवठ्याची आणि स्मशानाची वाट कुंपणाने बंद झाली, तर आपल्यात आणि आपल्याला अडवणाऱ्यांत फरक काय राहिला?

सहा. तारेत लाइन सोडायची नाही. रोही आणि रानडुक्कर पीक खातात हे आम्हाला माहीत आहे. रात्र रात्र जागल करून माणूस थकतो. पण आकड्याची वीज तारेत सोडली की ती डुक्कर बघत नाही. शेजाऱ्याचा बैल जातो, पहाटे सरपणाला निघालेली बाई जाते. हा गुन्हा आहे आणि आपल्या दाव्यालाही मारक आहे. वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं तर वनखात्याकडे लगेच अर्ज द्यायचा, पंचनामा मागायचा.

आता एक साधं गणित सांगतो. समजा, चार जणांची एकेक हेक्टरची चौकोनी शेतं आहेत, दोन वर, दोन खाली, एकमेकांना लागून. एका शेताची एक बाजू १०० मीटर. प्रत्येकाने आपापलं स्वतंत्र कुंपण घातलं तर एकेकाला ४०० मीटर, चौघांचं मिळून १६०० मीटर. मधल्या हद्दीचं कुंपण दोघांत एक केलं तर १२०० मीटर. आणि मध्ये नुसते धुरे ठेवून चौघांनी मिळून बाहेरून एकच कुंपण घातलं तर ८०० मीटर, म्हणजे एकेकाच्या वाट्याला २०० मीटर. भांडून ४०० मीटर, मिळून २०० मीटर. काट्या निम्म्या, घाम निम्मा. आणि रानडुक्कर जंगलाच्या बाजूने येतं, शेजाऱ्याच्या बाजूने नाही.

धुरा नुसती हद्द नाही, तो पाणी अडवतो. आपल्याच जालना तालुक्यातलं कडवंची गाव बघा. १९९६ पासून तिथे खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राबरोबर पाणलोटाचं काम झालं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली. आज तिथे द्राक्षाच्या बागा आहेत, दुष्काळातही त्या टिकल्या. उतारावरच्या शेतात एकाचा धुरा फुटला की पाणी लोंढ्याने खाली येतं आणि खालच्याचाही धुरा फोडतं. तिथे 'माझा धुरा, तुझा धुरा' चालत नाही. आपल्या जमिनी तर उताराच्याच. पट्टा मिळालेल्या जमिनीवर बांधबंदिस्तीचं काम रोजगार हमीतून घेता येतं. एकट्याने अर्ज देऊ नका. लागून असलेल्या सगळ्यांनी मिळून मागणी करा, म्हणजे एका ओळीत काम होईल आणि मजुरीही मिळेल.

दोन गोष्टी ग्रामसभेने मुद्दाम बघितल्या पाहिजेत.

पहिली, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची. दसऱ्यानंतर आपली निम्मी वस्ती कोयता घेऊन कारखान्याला जाते, ती पाडव्याच्या आसपास परत येते. एवढे महिने शेत उघडं पडतं. आल्यावर बघतो तर धुरा एका बाजूला सरकलेला. म्हणून गेलेल्या माणसाच्या धुऱ्याची जबाबदारी त्याच्या शेजाऱ्यावर, आणि शेजाऱ्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी वनहक्क समितीवर. त्याने आल्यावर पेरणीच्या वेळी तेवढे दिवस सावडीने फेडावेत.

दुसरी, एकट्या बायांची. कायद्याने पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो. नवरा वारला, सोडून गेला, तरी जमीन तिची राहते. पण काट्या तोडून ओढून आणणं एकटीला जमत नाही, आणि "कुंपण नाही घातलं, मग जमीन कशाला ठेवते?" असं दीर-भाया म्हणायला लागतात. तिच्या वाटणीचं कुंपण वस्तीतल्या पोरांनी एक दिवस देऊन घालावं. हे उपकार नाहीत. उद्या तिची जमीन गेली तर चौघांच्या कुंपणाला तिथंच खिंडार पडेल.

हे सगळं बरोबरीच्या शेजाऱ्यांचं झालं. शेजारी मोठा बागायतदार असेल, ट्रॅक्टर लावून एका रात्रीत धुरा नांगरून टाकत असेल, तर "अर्धा-अर्धा" म्हणत बसायचं नाही. तिथे एकट्याने जाऊन हातघाईवर यायचं नाही, आणि गप्पही बसायचं नाही. त्याच दिवशी समितीने जाग्यावर पंचनामा करायचा, सह्या-अंगठे घ्यायचे आणि मग सगळ्यांनी मिळून ठाण्यात आणि तहसीलला जायचं. आदिवासीची जमीन बळकावणं, त्याला जमिनीवरून हुसकावणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

आणि वनखातं हाही आपला शेजारीच आहे. त्यांनी चर खोदला, तार लावली, तर ती कुठून जाते हे ग्रामसभेला विचारल्याशिवाय चालणार नाही. पडताळणी पूर्ण होईपर्यंत आपल्याला जमिनीवरून काढता येत नाही, हे कलम ४ मध्ये आहे. चर आपल्या धुऱ्याच्या आत येत असेल तर तो धुरा कुठे होता हे सांगायला पुन्हा कोण लागणार? तोच शेजारी, ज्याच्याशी आपण दोन तासांसाठी बोलत नाही.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ते गाव निर्णय बहुमताने घेत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतं. धुऱ्याचा निकाल असाच लावावा. एक जिंकला, एक हरला, असा निकाल पुढच्या मृगापर्यंतही टिकत नाही.

तेव्हा पेरणीच्या आत एवढं करा. ग्रामसभा बोलवा. वनहक्क समितीने एकेक धुरा चालून बघावा, सोबत दोन्ही बाजूंची माणसं आणि एक-दोन म्हातारी माणसं घ्यावीत. वहीत हाताने नकाशा काढा: दगड कुठे, झाड कुठे, वाट कुठे, कुणाचा अर्धा भाग कोणता, धुरा किती सालांपासून आहे. खाली दोन्ही घरच्या बाया-माणसांच्या सह्या-अंगठे घ्या. त्याच्या तीन प्रती करा, दोघांकडे एकेक, ग्रामसभेच्या दप्तरात एक.

तो कागद भांडण मिटवेलच, पण उद्या पडताळणीला कुणी विचारलं की हद्द कुठे, तर दोन्ही शेजाऱ्यांनी एकाच दगडाकडे बोट दाखवलं पाहिजे.

जिंदाबाद!